बोरा

शनिवारची पहिली बस, लुब्लियाना ते त्रिएस्ते.
विद्यार्थी म्हणून दोन युरो कमी.
खोलीतली मोइत्सा झोपेतच म्हणाली होती,
टोपी ने, आज बोरा आहे.
मला बोरंच आठवली,
मीठ लावलेली, शाळेच्या फाटकाबाहेरची,
आणि टोपी राहिली.

सीमेवर उतरवतील म्हणून
परवान्याचं कार्ड मुठीत धरून बसले.
शेजारचा माणूस संत्रं सोलत होता.
बऱ्याच वेळाने त्याला विचारलं, सीमा कधी येणार?
मघाशीच गेली, तो म्हणाला.
फोड घेतेस?

वहीत सात ठिकाणं होती, वेळांसकट.
दहा वाजून दहा मिनिटं: किल्ला.
बसमधून उतरले
आणि वाऱ्याने हातातला नकाशा घेतला.
हिसकावला नाही. घेतला,
वर्गात मास्तर चिठ्ठी घेतात तसा.

कानात वारं शिरलेलं वासरू ऐकून माहीत होतं.
इथे अख्ख्या शहराच्या कानात शिरलेलं.
कचऱ्याच्या पेट्यांत मोडक्या छत्र्या,
काड्या वर करून पडलेल्या.
एक गृहस्थ स्वतःच्या स्कूटरला मिठी मारून उभे,
चेहऱ्यावर रोजच्यासारखा भाव.
मी कोपऱ्यावरचा खांब धरला.
दहा दहाला तिथेच होते.
दहा पंचवीसलाही.

मग एक हात आला.
लोकरीचा मोजा, एका बोटाला भोक,
पकड सुताराची.
मला वाटलं, म्हातारीला रस्ता ओलांडायचाय,
आणि बरं वाटलं,
चला, कुणाच्या तरी उपयोगी.
तिने मला नखशिखांत पाहिलं, मान हलवली,
आणि आपल्या पिशवीतले निम्मे बटाटे
माझ्या पाठपिशवीत ओतले.
वजनासाठी.
उडशील, असं तिची मोकळी हनुवटी म्हणाली,
आभाळाकडे बोट करावं तशी वर होऊन.

"पताते!" ती ओरडली.
"बटाटे!" मी ओरडले.
ती थांबलीच. रस्त्याच्या मध्यावर,
दोन्हीकडे गाड्या खोळंबलेल्या,
आणि आम्ही हसलो,
लग्नाच्या पंगतीत लांबचं नातं सापडल्यावर
बायका हसतात तशा.

तीन गल्ल्या, एक चढ.
सहा महिन्यांत माझा हात कुणी धरला नव्हता
हे त्या चढावर कळलं.
तोवर हिशेबच केला नव्हता.
हस्तांदोलनं झाली होती:
प्राध्यापकांशी, बँकेतल्या बाईशी.
एकदा डॉक्टरने नाडी पाहिली होती.
धरणं वेगळं.
वारा थांबू नये असं वाटलं,
आणि माझ्या कानांची तर साल निघत होती.

दाराशी तिने किल्ली काढली.
आता वर बोलावेल, सूप वाढेल,
रात्री आईला फोनवर सांगता येईल,
असं मी मनात लिहूनही टाकलं होतं.
तसं काही झालं नाही.
तिने बटाटे मोजून परत घेतले.
"नेरीना," छातीवर बोट ठेवून म्हणाली.
मी माझं नाव सांगितलं, ते वाऱ्याने खाल्लं.
दार लागलं.

समुद्र पाहिला बसस्थानकाच्या काचेतून.
लाटा किनाऱ्याकडे येत नव्हत्या,
किनाऱ्यापासून पळत होत्या.
रात्री आठ खाटांच्या खोलीत खिडकी कण्हत राहिली,
एक ब्राझीलचा मुलगा तिच्या फटीत
वर्तमानपत्र कोंबत बसला, पान पान वाचून.
रविवारीही तेच.

पाठपिशवीच्या तळाशी दोन बटाटे निघाले.
विसरली की ठेवले, कोण जाणे.

सोमवारी ते उकडायला लावले.
एक आतून काळा निघाला.
दुसऱ्याचे दोन भाग केले, मीठ घातलं,
आईच्या पुडीतलं तळाचं तिखट झटकलं.
मोइत्सा म्हणाली, एवढ्या लांब गेलीस
आणि बटाटे आणलेस? इथे मिळतात की.

मिळतात, म्हटलं.
हे वजनाचे आहेत.